पुलाची चेष्टा

आबांनी दोरी ताणली, ती थेट शन गुरुजींच्या पोटाला अडली.

तळं अजून कोरडंच होतं. दोरीचं एक टोक या काठावरच्या खुंटीला, दुसरं टोक पलीकडच्या काठावर आबांच्या हातात, आणि मधोमध, कमरेइतक्या खड्ड्यात, काळे कापडी बूट घातलेले शन गुरुजी उभे. दोरी त्यांच्या सदऱ्याच्या तिसऱ्या आणि चौथ्या बटणाच्या मध्ये रुतली होती. ते हलेनात.

"शाले, त्याला म्हणावं बाजूला हो," आबा म्हणाले.

मी ते हिंदीत सरिताला सांगितलं. सरितानं ते चिनीत गुरुजींना सांगितलं. गुरुजींनी दोन बोटांनी दोरी धरली, तंबोऱ्याची तार छेडावी तशी छेडली आणि शांतपणे काहीतरी बोलले.

"श्रीमान शन का निवेदन है," सरिता मला म्हणाली, "कि वे अपने स्थान पर हैं। डोरी मार्ग भूल गई है।"

"काय म्हणतोय?" आबांनी विचारलं.

"म्हणतात, ते जागेवरच आहेत. दोरीच वाट चुकलीय."

आबांनी दोरी आणखी ताणली. गुरुजींनी पोट आणखी पुढे काढलं. दोघंही चौऱ्याहत्तर वर्षांचे. काठावर बसून डबे खाणाऱ्या बायकांनी घास हातातच धरून ठेवले होते.

याला आता बत्तीस वर्षं झाली. मी तेव्हा हिरवडे नगरपालिकेच्या उद्यान विभागात कारकून होते. उद्यान विभाग म्हणजे मी, एक टेबल आणि पुतळ्याभोवतीची मेंदी. तेवढ्यात आमचे नगराध्यक्ष भाऊसाहेब निकम सांडपाण्याचा अभ्यास करायला चीनला जाऊन आले. निरोपाच्या जेवणात यजमानांनी उठून लांबलचक भाषण केलं आणि शेवटी काहीतरी विचारलं. दुभाष्या नेमका हात धुवायला गेला होता. भाऊसाहेबांनी मान हलवली. आपली ती नेहमीची मान, हो नाही आणि नाहीही नाही, ऐकतोय एवढंच सांगणारी. त्यावर सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. सहा महिन्यांनी पत्र आलं की, दोन्ही गावांच्या मैत्रीची खूण म्हणून आपण मान्य केल्याप्रमाणे हिरवड्यात पारंपरिक चिनी बाग बांधण्यासाठी सूचौ शहरातले उस्ताद कारागीर शन गुरुजी येत आहेत, सोबत सात पेट्या दगड.

हिरवड्यात जमिनीत नांगर घातला की माती कमी आणि दगड जास्त लागतात. तिथे बोटीतून सात पेट्या दगड आले, आणि एकूण एक दगडाला भोकं. पेट्या उघडल्या तेव्हा मुख्याधिकारी टेंबे साहेब बराच वेळ वाकून पाहत होते. मग मला हळूच म्हणाले, "शालनबाई, वाटेत कशानं तरी खाल्लं का यांना?"

बागेला जागा मिळाली ती जुन्या जकात नाक्यामागची, नगरपालिकेच्या मुतारीला लागून. तिथे एक वाटोळं दार होणार होतं, ते भिंतीत उभं राहिलं तेव्हा लोक त्याला उभी विहीर म्हणायला लागले. एक तळं होणार होतं. आणि त्या तळ्यावर एक दगडी पूल, नऊ ठिकाणी वळणारा.

पूल बांधायला गुरुजींना छिन्नी-हातोड्यानं दगड घडवणारा जुना माणूस हवा होता. गावातले सगळे ठेकेदार स्लॅब टाकणारे. मी टेंबे साहेबांना म्हटलं, "माझे वडील आहेत की."

"केरबा मिस्त्री?" साहेबांनी चष्मा वर केला. "अजून आहेत?"

आहेत, असं मी म्हटलं खरं. पण आई गेल्यापासून दोन वर्षं आबा बाजेवरच होते. आजारी नव्हते. नुसते होते. ज्या माणसानं या तालुक्यात चव्वेचाळीस वर्षं घाट, विहिरी आणि देवळाचे ओटे बांधले, ज्याला ताटातला पापड तिरका पडला तरी तो नीट केल्याशिवाय जेवण जात नसे, त्याच्या समोरच्या भिंतीवर कॅलेंडर वाकडं लटकत होतं आणि ते त्याला दिसत नव्हतं. घरात आम्ही दोघंच. मी लग्न केलं नव्हतं, ती गोष्ट निराळी. सकाळी कामाला निघताना मी झाकून ठेवलेली दीड भाकरी संध्याकाळी परत आल्यावर एक उरलेली असायची. डॉक्टर म्हणाले होते, "औषध कशाला देऊ? भूक लागायला काहीतरी कारण लागतं माणसाला."

म्हणून मी आबांना जवळजवळ ढकलतच जकात नाक्यावर नेलं. त्यांनी भोकाचे दगड पाहिले. "असला दगड मी घराच्या पायात भरायला बी घेतला नसता," एवढंच म्हणाले आणि मुतारीच्या भिंतीला टेकून बसले. मला वाटलं, संपलं. मी सही घ्यायला कचेरीत गेले आणि आबांना सरिताच्या स्वाधीन केलं.

सरिता म्हणजे दुभाषी. खरं नाव लिन. पेइचिंगला हिंदी शिकताना प्रत्येकाला एक हिंदी नाव घ्यावं लागायचं, तसं तिनं सरिता घेतलं होतं. पंचवीस-सव्वीसची असेल. ती जे हिंदी बोलायची ते मी फक्त रेडिओच्या बातम्यांत ऐकलं होतं. चहावाल्याला ती म्हणायची, "महोदय, कृपया दो प्याली चाय प्रदान करें।" महोदयांनी पहिल्या दिवशी मागे वळून पाहिलं होतं, कोण आलंय ते.

त्या संध्याकाळी घरी आले तर आबा बाजेवर नव्हते. परसात येरझाऱ्या घालत होते.

"काय झालं?"

"काय व्हायचंय? त्या म्हाताऱ्यानं त्या पोरीकडनं सांगाय लावलं मला. तोंडावर." आबा थांबले. "म्हणतो, पुलासाठी पुरी चेष्टा करणार. आणि वर मलाच शिक्षा देणार."

मी हिंदीच्या तीन परीक्षा पास झालेली बाई. मला तिथल्या तिथे कळलं. हिंदीत चेष्टा म्हणजे खटपट, प्रयत्न. शिक्षा म्हणजे शिकवण. बिचाऱ्या शन गुरुजींनी सांगितलं होतं की, पुलासाठी जीव ओतून काम करेन आणि तुम्हालाही शिकवेन. मी हसू दाबून तोंड उघडलं, सांगणारच होते.

"शिक्षा देतो म्हणं," आबा ताटावर बसत म्हणाले. "बघतोच आता. वाढ."

दुसरी भाकरी संपली. मी पिठल्याची वाटी पुढे सरकवली.

"आणि एक टाक."

मी तिसरी भाकरी टाकली आणि तोंड मिटलं.

दुसऱ्या दिवसापासून पूल कुठून जाणार यावरून युद्ध सुरू झालं. गुरुजींनी तळ्याच्या तळात खांबांसाठी खुंट्या ठोकून घेतल्या होत्या, इकडे एक, तिकडे एक, आणि त्यांना जोडणारी चुन्याची फक्की मारली होती. वरून पाहिलं तर वीज पडल्यासारखी रेघ. गुरुजी साडेअकराला जेवून बारा वाजता लिंबाखाली झोपायचे, अगदी घड्याळ लावून तासभर. आबा बारा ते एक या वेळात सगळ्या खुंट्या उपटून सरळ रेषेत ठोकायचे. मग आबा जेवायचे आणि दीड वाजता त्याच लिंबाखाली, गुरुजींनी गरम करून ठेवलेल्या जागेवर पडायचे. ते घोरायला लागले की गुरुजी उठून खुंट्या पुन्हा वाकड्या करायचे. अडीच वाजता दोघं तळ्याच्या काठावर समोरासमोर येत आणि एकमेकांना नमस्कार करत. आबा कोपरापासून हात जोडायचे. गुरुजी कमरेत वाकायचे. त्या नमस्कारांत इतका राग होता की पाहणाऱ्याला घाम फुटावा.

चार दिवस असे गेले. पाचव्या दिवशी आबांनी खुंट्या सरळ केल्याच, वर फक्कीसुद्धा नवी मारली. सहाव्या दिवशी गुरुजींनी ती पुसून घेतली आणि वळणं नऊची अकरा केली.

घरी आबांच्या तोंडाला खळ नव्हता.

"माझ्या हातनं आजवर वाकडं काम झालं न्हाई, शाले. पाटलांची विहीर बघ. चाळीस वर्षं झाली, वरनं खडा सोडला तर कडेला लागत न्हाई."

"हो आबा."

"आणि हा नऊ वळणं घालतोय. साठ फुटाच्या पुलाला. पिऊन बांधल्यावानी."

"हो आबा."

"पण दगडावर हात हाय हां त्याचा. ते म्या बघितलं. टाकी कशी मारतो बघ, एक टवका जास्तीचा उडत न्हाई." आबांना वाटलं की फार बोललो. "तरी बी मूर्खच हाय."

पहाटे पाचला उठून ते छिन्न्या परजायला बसायचे. एका सकाळी मी पाहिलं तर भिंतीवरचं कॅलेंडर सरळ झालं होतं.

सांगायला हवं होतं, मला कळत होतं. बाग सव्वीस तारखेला उघडायची होती, तिकडचे पाहुणे येणार होते आणि तळ्यात अजून एक खांब उभा नव्हता. पण मी रोज म्हणायचे, आज एवढं होऊ दे, उद्या सांगते.

सातव्या दिवशी सरिता माझ्या टेबलाशी आली. हातात जाडजूड मराठी-हिंदी कोश होता.

"शालन दीदी," ती हलक्या आवाजात म्हणाली, "मुझसे एक अनर्थ हो गया है। मराठी में चेष्टा का अर्थ उपहास है। और शिक्षा का अर्थ दंड है।"

"कब पता चला?"

तिनं खाली पाहिलं. "परसों।"

मग तिनं माझ्याकडे निरखून पाहिलं. "आपको?"

"पहले दिन."

आम्ही दोघींनी बाहेर पाहिलं. खिडकीतून तळं दिसत होतं. गुरुजी घोरणाऱ्या आबांच्या डोक्याशी वाकून, त्यांनी उशाला घेतलेला हातोडा अलगद काढून घेत होते, खुंट्या ठोकायला.

"पुल पूरा हो जाएगा, तो मुझे दिल्ली लौटना होगा," सरिता म्हणाली. "वहाँ रासायनिक खाद के पत्रों का अनुवाद है। तीन सौ पत्र।" तिनं कोश छातीशी धरला. "और यहाँ मैंने अभी लूना चलाना सीखा है।"

नगरपालिकेची लूना. जकात नाका ते एस.टी. स्टँड ती पदर नसतानाही पदर खोचल्यासारखी बसून भरधाव जायची. मी कोश तिच्या हातातून घेतला आणि कपाटात जन्म-मृत्यूच्या नोंदवह्यांखाली ठेवून दिला.

शेवटी टेंबे साहेबांनी बैठक बोलावली. भाऊसाहेब, साहेब, दोन्ही म्हातारे, सरिता आणि इतिवृत्त लिहायला मी.

"मुद्दा एकच आहे," साहेब म्हणाले. "पूल वाकडा का? कारण द्या, म्हणजे फाईलला लावता येईल."

सरितानं विचारलं. गुरुजी बोलले. सरितानं घसा साफ केला.

"भूत-प्रेत केवल सीधी रेखा में चलते हैं। वे मुड़ नहीं सकते। टेढ़े पुल पर आएँगे तो जल में गिर जाएँगे।"

मी मराठीत सांगितल्यावर आबा खुर्चीत पुढे सरकले.

"त्याला म्हणावं, ती तुमच्याकडची. आमची भुतं वळत्यात."

हे सरितापर्यंत आणि तिच्याकडून गुरुजींपर्यंत पोचलं. गुरुजींच्या भुवया वर गेल्या. त्यांनी पहिल्यांदाच आबांकडे खऱ्या कुतूहलानं पाहिलं.

"वे पूछते हैं, कैसे मुड़ते हैं?"

"पाय उलटे असत्यात," आबा म्हणाले. "टाचा पुढं. त्यामुळं ते येतंय का जातंय हेच कळत न्हाई. त्याला वळणाचं काय? हडळ तर गोल गोल फिरती."

"मुंजा वळत नाही पण," भाऊसाहेब एकदम म्हणाले. "मुंजा पिंपळावरच बसतो. आमच्या आजोळी होता."

"मग मुंजा पुलावर येईलच कशाला?" आबा म्हणाले. "त्याचा पुलाशी संबंधच न्हाई."

"तसं नाही मिस्त्री, फिरायला आला एखादा..."

गुरुजींनी वही काढली आणि उलट्या पायांचं चित्र काढून आबांसमोर धरलं. आबांनी पेन्सिल घेऊन टाचा दुरुस्त केल्या. गुरुजींनी मान डोलावली, मग वळणावर ते पाय कसे अडतील याचं दुसरं चित्र काढलं. आबांनी ते खोडलं. पाऊण तास हे चाललं. चहा दोनदा आला.

"साहेब," मी विचारलं, "इतिवृत्तात काय लिहू?"

टेंबे साहेबांनी कपाळ धरलं होतं. "लिहा, भुतांच्या चालीविषयी चर्चा झाली. निर्णय झाला नाही." मग ते उठले. "आणि हे पण लिहा. उद्या संध्याकाळपर्यंत पहिला खांब उभा राहिला नाही तर ठेकेदाराला सांगून पाइप आणि स्लॅब टाकतो. सरळ. चार दिवसांत होतं. मिस्त्रींना घरी बसू द्या, त्यांचं वय झालंय. गुरुजींना अजिंठा दाखवून आणा."

आबांना हे भाषांतर करून सांगायची गरज नव्हती. ते उठले आणि बाहेर गेले. टोपी टेबलावरच राहिली.

मी टोपी घेऊन त्यांच्या मागे धावले. ते तळ्याच्या काठावर बसले होते, पाय आत सोडून. मी शेजारी बसले. आता लपवण्यात अर्थ नव्हता. स्लॅब पडला की आबा परत बाजेवर जाणार आणि या वेळी उठणार नाहीत, हे मला स्पष्ट दिसत होतं.

"आबा, तुमच्याशी एक खोटं वागले मी."

"हं."

"त्यांनी तुमची चेष्टा केली नव्हती. चेष्टा म्हणजे हिंदीत प्रयत्न. पुलासाठी जीव लावून काम करीन असं म्हणाले होते ते. आणि शिक्षा म्हणजे..."

"शिकवण," आबा म्हणाले.

मी त्यांच्याकडे पाहिलं.

"कोयनेच्या धरणावर सहा वर्सं बिहारी मिस्त्र्याच्या हाताखाली होतो मी," आबा म्हणाले. "तू तवा आजीकडं असायचीस. तो दिवसाला शंभर डाव म्हणायचा, चेष्टा करो केरबा, चेष्टा करो. आणि तू मला हिंदी शिकवतीस व्हय?"

"म्हणजे तुम्हाला पहिल्या दिवसापासून..."

"पोरीनं तोंडातनं शब्द काढला तवापासनं."

"मग भांडत का होतात, आबा?"

आबांनी तळ्याच्या तळातल्या खुंट्यांकडे पाहिलं. पांढऱ्या फक्कीच्या जुन्या रेघा एकमेकींवर चढल्या होत्या, सरळ आणि वाकड्या.

"दोन वर्सं झाली, शाले. कुणी माझं काम बघितलं न्हाई. मी बी न्हाई." त्यांनी एका खुंटीकडे बोट केलं. "ह्यानं रोज खोडून काढलं. खोडाय आदी बघाय लागतं की. कुठली खुंटी किती हलली ते बोटानं मोजून बघायचा तो. मी झोपल्याचं सोंग घेऊन बघत असायचो."

मी टोपी त्यांच्या डोक्यावर ठेवली. ती जरा तिरकी बसली, त्यांनी ती सरळ केली.

"टेंब्याला सांग, उद्या सांजच्याला एक न्हाई, दोन खांब उभं करतो. वाकडं." ते उठले. "आणि ह्यातलं त्याला काय सांगू नगंस. गुरुजीला. त्याला वाटू दे, त्यो जिंकला."

मी सरितालाही सांगितलं नाही. पण दुसऱ्या दिवशी बारा वाजता गुरुजी लिंबाखाली झोपले नाहीत आणि दीड वाजता आबाही झोपले नाहीत. दोघं एकाच वेळी तळ्यात उतरले. आबांनी लोखंडी गुण्या आणला होता, भिंतीचा कोपरा काटकोनात आहे का ते तपासायचा.

"त्याला सांग," आबा म्हणाले, "वाकडं करायचं तर कसंबी वाकडं करणार न्हाई. गुण्यात वाकडं करीन. एकूण एक वळण काटकोनात. रेसभर इकडं-तिकडं झालं तर पाडून टाकीन."

सरितानं सांगितलं. गुरुजींनी गुण्या हातात घेतला, डोळ्याशी धरला, अंगठ्यानं धार चाचपली. मग कमरेत वाकले. या नमस्कारात राग नव्हता, त्यामुळे आबा गोंधळले आणि त्यांनी नुसतीच मान हलवली.

संध्याकाळपर्यंत दोन खांब उभे राहिले. पुढचे बारा दिवस ती दोघं जशी राबली, तशी माणसं मी पुन्हा पाहिली नाहीत. दुभाष्याची गरज फक्त शिव्यांना लागायची. आबा म्हणायचे, "आंधळ्या, इकडं धर," आणि मी सांगायचे, "आबा कहते हैं, कृपया इस ओर।" गुरुजी काहीतरी सणसणीत बोलायचे आणि सरिता डोळे मिटून म्हणायची, "श्रीमान शन धन्यवाद देते हैं।" मग दोघंही आमच्याकडे संशयानं पाहायचे. त्यांना बहुधा कळायचं की वाटेत काहीतरी सांडतंय.

एकदा आबांनी विचारलंच. "भुताचं जाऊ दे. खरं काय ते विचार त्याला. वाकडा कशापायी?"

गुरुजींनी पलीकडच्या काठाकडे हात केला. सरिता म्हणाली, "वे पूछते हैं, उस पार ऐसा क्या है, कि आप इतनी जल्दी पहुँचना चाहते हैं?"

आबांनी पाहिलं. पलीकडे नगरपालिकेची मुतारी होती.

"हे मात्र बराबर हाय," आबा म्हणाले आणि पुढचा दगड उचलायला वाकले.

सव्वीस तारखेला तळ्यात पाणी सोडलं. मंडप, बँड, तिकडचे सहा पाहुणे, छायाचित्रकार. भाऊसाहेबांनी वाटोळ्या दारातली फीत कापली आणि सगळ्यांच्या पुढे पुलावर निघाले. पांढरा फेटा, गळ्यात झेंडूचा हार, एक हात वर करून लोकांना दाखवत, तोंड छायाचित्रकाराकडे. पहिलं वळण चुकून नीट घेतलं. दुसऱ्याला हार सावरायला खाली बघितलं म्हणून वाचले. तिसऱ्या वळणाला ते सरळ चालत गेले.

पाणी कमरेइतकंच होतं. भाऊसाहेब फेट्यासकट वर आले आणि हात अजून वरच होता. बँडवाल्यांना वाटलं की हीच वेळ, त्यांनी सुरुवात केली.

गुरुजी आबांच्या शेजारी उभे होते. त्यांनी अत्यंत गंभीर चेहऱ्यानं सरिताला काहीतरी विचारलं. तिला सांगता येईना. दोनदा प्रयत्न करून ती म्हणाली, "वे पूछते हैं, नगराध्यक्ष जी... भूत पहले से थे, या अभी हुए हैं?"

मी ते आबांना सांगितलं. आबा हसायला लागले. आई गेल्यापासून मी त्यांना हसताना ऐकलं नव्हतं. ते खालीच बसले, गुडघे धरून, आणि गुरुजीही त्यांच्याशेजारी बसले. दोघांचे खांदे हलत होते. पाण्यातून भाऊसाहेब म्हणत होते, "अरे हात द्या कुणीतरी," पण ते दोघं हात द्यायच्या स्थितीत नव्हते.

तीन दिवसांनी गुरुजी गेले. एस.टी. स्टँडवर आबा आले होते, धुतलेल्या धोतरात. दोघांनी एकमेकांशी काहीही बोलायचं नाही असं ठरवल्यासारखं केलं. गाडी हलली तेव्हा गुरुजी खिडकीतून वाकून काहीतरी ओरडले. सरिता शेजारच्या खिडकीत होती, पण ती रडत होती, त्यामुळे त्याचं हिंदी झालंच नाही.

घरी आल्यावर आबा बाजेवर बसले आणि मग आडवे झाले. मी भाकरी केली. त्यांनी अर्धीच खाल्ली. दुसऱ्या दिवशीही अर्धीच. मी कचेरीत बसून नुसतीच फाईल उलटत होते. मला वाटत होतं, बागेनं मला वीस दिवस उसने दिले आणि ते आता संपले.

तिसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत घरी गेले, तर बाज रिकामी. शेजारणी म्हणाल्या, मिस्त्री सकाळीच बाहेर पडले. मी धावत जकात नाक्यावर गेले. आबा पुलावर होते, तिसऱ्या वळणावर, पालथे पडलेले. जवळ गेले तर ते डोळा दगडाला लावून बघत होते.

"कागद हाय का तुझ्याजवळ?" ते मान वर न करता म्हणाले.

पिशवीत कचेरीचा कागद होता.

"लिही. त्या पोरीकडं दिल्लीला धाडायचं, ती त्याला वाचून दाखवील." आबा उठून बसले, धोतर झटकलं. "लिही. तिसऱ्या वळणाचा दगड तुम्ही बसवला होता. त्याला अर्धा इंच उतार हाय. पाणी साचतंय. मला काय हात लावायचा न्हाई त्याला, तुमचं काम हाय. या आणि बघून जा."

मी हिंदीत लिहून घेतलं, प्रत्येक शब्द जपून. आबा जेवायला हवं म्हणाले आणि घराकडे चालायला लागले, झपझप, प्रत्येक वळणावर बरोबर वळत.

ते दिसेनासे झाल्यावर मी पिशवीतली बाटली तळ्यात बुडवून भरली आणि त्या दगडावर रिकामी केली. पाणी चारी बाजूंना सारखंच पसरलं, एका कडेला साचलं नाही. उतार नव्हता.

मी पत्र पाकिटात घातलं आणि पोस्टात टाकलं.